नाशिकमध्ये दुर्मीळ आजाराच्या मुलाला भूल: कुठे काय मिळतं, कुठे अडतं

हर्नियाचं ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचं. त्यासाठी नाशिककराला कसारा घाट उतरावा लागत नाही. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत ते करणारे सर्जन आहेत. पण तोच हर्निया म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस (शरीरात काही द्रव्यं साचत जाणारा जन्मजात आजार) झालेल्या मुलाचा असला की सर्जनचा अर्धा तास हा त्या दिवसातला सगळ्यात सोपा भाग होतो. त्याआधी श्वासनलिकेत नळी जाते की नाही ती दहा मिनिटं आणि नळी काढल्यानंतरची रात्र, मुलाचं काय व्हायचं ते तिथे ठरतं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका हॉस्पिटलचं नाही, सर्जनचं तर नाहीच. शहरात भुलीची जी सेवा मिळते तिचं आहे, आणि तेही एकाच गिऱ्हाइकाच्या बाजूने: ज्याच्या आजाराचं नाव केसपेपर लिहिणाऱ्याला दोनदा विचारावं लागतं असं मूल.

आधी या सेवेची घडी कशी आहे ते बघू. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ पगारावर नसतो, सर्जन त्याला केसपुरता बोलावतो. सकाळी कॉलेज रोड, दुपारी सिडको, संध्याकाळी पंचवटी अशी फेरी. ही माणसं कामाला कच्ची नाहीत. रोज चार जागची चार मशिनं हाताळून हात चांगलाच बसलेला असतो. गोची वेळेची आहे. मूल त्यांना पहिल्यांदा दिसतं ते ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारात, आईच्या कडेवर, आठ तास उपाशी, रडून लाल झालेलं. धडधाकट मुलाच्या टॉन्सिलला एवढी ओळख पुरते. इथे पुरत नाही, कारण यातली निम्मी तयारी आधी आणून ठेवायची असते: कमी मापाच्या नळ्या, नेहमीपेक्षा वेगळं औषध, मशीन धुवायला लागणारा वेळ, आयसीयूत राखून ठेवलेली खाट. ओटीच्या दारात यातलं काहीही उभं करता येत नाही.

पीएसी: शिक्का की तपासणी

भुलीआधीच्या तपासणीला सगळीकडे पीएसी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ती एका कागदावर संपते: हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, बालरोगतज्ज्ञाचं ‘फिट’ असं पत्र. हे पत्र आणि पीएसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालरोगतज्ज्ञ सांगतो की मूल सध्या आजारी नाही. या मुलाला कोणतं औषध चालणार नाही आणि नळी जाईल का, हे भूलतज्ज्ञानेच बघायचं असतं, आणि तोही शक्यतो ज्याच्या हातात त्या दिवशी मूल असणार आहे तोच. पीएसी एकाने केली आणि टेबलावर दुसराच आला, तर निदान पहिल्याने दुसऱ्याला फोन केला होता का हे विचारायला लाजू नका.

चांगली पीएसी ओळखायची कशी? तिला अर्धा तास तरी लागतो आणि ती ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी होते. डॉक्टर मुलाला समोरून पाहतात तसे बाजूनेही पाहतात, कारण आत गेलेली हनुवटी समोरून कळत नाही. मुलाचीच तीन बोटं उभी त्याच्या तोंडात मावतात का, मान मागे किती जाते, जीभ किती जाड आहे, पाठीचा कणा सरळ आहे का, शिरा कुठे दिसतात, हे पाहतात. मग घरचे प्रश्न येतात. नात्यात लग्न झालंय का, मामाच्या मुलीशी वगैरे? घरात कुणी ‘टेबलावर गेलं’ का, भुलीतून उठायला कुणाला तासन्‌तास लागले का? मूल घोरतं का, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकतं का, उशीवर डोकं ठेवून झोपतं की आईच्या छातीवर उभंच? या शेवटच्या उत्तरातून श्वासमार्गाबद्दल जे कळतं ते एक्स-रेतून कळत नाही. नुसतं वजन विचारून सही केली असेल, तर तो शिक्का समजा.

जर्मनीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा ऑर्फनअ‍ॅनेस्थेशिया नावाचा प्रकल्प आहे. दुर्मीळ आजारांपैकी एकेकाला भूल देताना काय पाहायचं, काय टाळायचं याची पत्रकं तिथे मोफत मिळतात. आपल्या मुलाच्या आजाराचं पत्रक छापून फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. असल्या कागदावर डॉक्टरांची प्रतिक्रिया कशी येते, हीही एक तपासणीच. ‘ठेवून जा, वाचतो’ म्हणणारा भूलतज्ज्ञ मिळाला तर त्याला सोडू नका. ‘गुगल आम्हालाही येतं’ असं उत्तर आलं तर दुसरं दार बघा.

घोरणारी मुलं

म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसमध्ये शरीरात साचणारी द्रव्यं जिभेत, ॲडेनॉइडमध्ये (नाकामागच्या गाठीत), स्वरयंत्राभोवती आणि श्वासनलिकेच्या भिंतीत बसतात. जबडा आखडतो, मान आखूड. ही मुलं ऑपरेशनला वारंवार येतात: बेंबीचा आणि जांघेतला हर्निया, ॲडेनॉइड, कानातलं पाणी, पुढे मनगटातली दबलेली नस. दर वर्षी श्वासमार्ग आणखी अरुंद होतो, त्यामुळे ‘मागच्या वेळी नळी सहज गेली होती’ या वाक्याला दोन वर्षांनी किंमत राहत नाही. पिएर रॉबिनच्या (जन्मतः हनुवटी आत असलेल्या) मुलाची हनुवटी वयाबरोबर वाढते आणि काम थोडं सोपं होतं. ट्रेचर कॉलिन्समध्ये (चेहऱ्याची हाडं जन्मतः नीट न वाढण्याचा आजार) उलट अवघड होत जातं. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या शिबिरात यातलं एखादं मूल हमखास असतं. दिवसाला दहा केसेस उरकायच्या यादीत ते सातव्या नंबरवर असू नये. पहिल्या नंबरवर असावं, सगळे ताजे असताना.

ओटीत काय हवं? नळीच्या मापाचं नेहमीचं सूत्र वयाला चारने भागून चार मिळवायचे, कफवाली (टोकाशी हवेने फुगणारा फुगा असलेली) असेल तर साडेतीन. सहा वर्षांच्या मुलाला साडेपाचची किंवा कफवाली पाचची. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसच्या मुलाला ही अडकते, म्हणून साडेचार, चार, साडेतीन अशा खालच्या मापांच्या नळ्या टेबलावर उघड्या हाताशी हव्यात. कपाटात आहेत म्हणणं कामाचं नाही. मुलांच्या पात्याचा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पडद्यावर दाखवणारं साधन) हवा. मोठ्यांचं पातं असलेला असतो बऱ्याच ठिकाणी, त्यावर समाधान मानू नका. लॅरिंजियल मास्क (घशात स्वरयंत्रावर बसणारा) वजनाप्रमाणे: पाच किलोपर्यंत १, दहापर्यंत दीड, वीसपर्यंत २, तीसपर्यंत अडीच. नळी अडली तर हा मास्क जीव वाचवतो आणि त्यातूनच बारीक फायबर स्कोप घालून नळी नेता येते. बारीक म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन मिलिमीटर जाडीचा. तो शहरात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आहे का, निर्जंतुक करून तयार आहे का आणि तो चालवणारा त्या दिवशी हजर आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

पद्धतीबद्दल एवढं माहीत असावं की मूल स्वतः श्वास घेत असताना, सेवोफ्लुरेन वायूने हळूहळू झोपवणं आणि तोंडावरच्या मास्कने हवा जाते याची खात्री होईपर्यंत स्नायू सैल करणारं औषध न देणं हा शहाणा रस्ता. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसच्या मॉर्किओ प्रकारात मानेचे वरचे दोन मणके डगमगते असतात, तेव्हा मान मागे न वाकवता एकाने डोकं धरून नळी टाकावी लागते. त्यासाठी मानेचं एमआरआय किंवा वाकवून काढलेला एक्स-रे पीएसीतच पाहिलेला हवा. डाऊन सिंड्रोमचं मूल दुर्मीळ म्हणता येणार नाही, पण मानेची काळजी तिथेही तीच. शिवाय नळी अर्ध्या-एका मापाने लहान लागते आणि सेवोफ्लुरेनने नाडी चटकन मंदावते. कान-नाक-घशाचे सर्जन गळ्याला छेद द्यायला बाजूला उभे आहेत, हा दिलासा म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसमध्ये अर्धाच धरा. आखूड, जाड गळ्यात तो छेदही लवकर सापडत नाही.

एका भुलीत जेवढं उरकेल तेवढं उरकावं. हर्निया, कानातल्या नळ्या, रक्ताचे नमुने, दात, डोळ्यांची तपासणी, सगळं एकाच झोपेत. त्यासाठी तीन सर्जननी एका तारखेला एका ओटीत यायचं असतं. सांगायला सोपं, जुळवायला महिना. मोठ्या हॉस्पिटलांचा खरा फायदा इथे आहे, लॉबीतल्या सोफ्यात नाही.

स्कोलिन

सक्सामेथोनियम या औषधाला ओटीत सगळे स्कोलिन म्हणतात. मिनिटभरात स्नायू सैल, पाच-दहा मिनिटांत उतरतं, स्वस्त. नळी घाईने टाकायची असेल तर अजूनही अनेकांचा हात आधी तिकडे जातो. ड्युशेनच्या (स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या जन्मजात आजाराच्या) मुलात मात्र या औषधाने स्नायू फुटून पोटॅशियम रक्तात उसळतं आणि हृदय बंद पडतं. सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेनसारख्या वायूंनीही स्नायू विरघळून असाच प्रकार झालेला आहे. म्हणून बहुतेक तज्ज्ञ या मुलांना शिरेतून प्रोपोफॉलवर झोपवतात, वायू वापरतच नाहीत.

निदान झालेल्या मुलाचे आईबाप हे सांगतातच. धोका निदान न झालेल्याला जास्त. तीन-चार वर्षांचा मुलगा, टॉन्सिलला किंवा सुंतेला आलेला. चवड्यावर चालतो, पोटऱ्या गुबगुबीत, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत उठतो, जिना चढायला कंटाळतो. घरचे म्हणतात आळशी आहे. रक्तात एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती एंझाइम) वाढलेलं दिसतं आणि मग लिव्हरचा शोध सुरू होतो. ते एंझाइम स्नायूतून आलेलं असतं. सीपीके नावाची एक साधी तपासणी, नाशिकच्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होणारी, हा घोळ सोडवते. मुलाला पीएसीत चालायला आणि जमिनीवरून उठायला लावणारा भूलतज्ज्ञ दिसला तर समजा, योग्य जागी आलात. मोठ्या मुलात हृदयाचा इको आणि फुंकण्याची चाचणी हवी. फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या पन्नास टक्क्यांखाली असेल तर जोखीम, तीसच्या खाली असेल तर फार. अशा मुलाची नळी काढल्याबरोबर बायपॅपचा (दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा) मास्क लावायची तयारी ठेवावी लागते, आणि मास्क मुलांच्या मापाचा हवा. रोज स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाला सुरुवातीला किलोला दोन मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं असतं. हे राहून गेलं की ऑपरेशन नीट होतं आणि रक्तदाब मात्र कारण न सांगता पडत राहतो.

मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा याच्याशी गल्लत होणारा, पण वेगळा प्रकार. सेंट्रल कोअरसारख्या स्नायूंच्या आजारात स्कोलिन किंवा भुलीचे वायू मिळाले की स्नायू तापत सुटतात. मॉनिटरवर आधी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढतो, नाडी पळते, जबडा घट्ट होतो. अंग तापणं नंतर कळतं. म्हणून कॅप्नोग्राफ (तो कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नसलेल्या ओटीत अशा मुलाला नेऊच नये. औषध एकच, डँट्रोलिन. किलोला अडीच मिलिग्रॅम, आणि वीस मिलिग्रॅमची जुनी बाटली साठ मिली निर्जंतुक पाण्यात ढवळत बसावी लागते. वीस किलोच्या मुलाला पहिल्याच डोसला तीन बाटल्या, तोही पुन्हा पुन्हा द्यावा लागू शकतो. भारतात हे औषध सहजी मिळत नाही. तेव्हा नाशिकच्या ओटीकडून अपेक्षा टाळण्याची ठेवा: मशिनमध्ये भुलीचा वायू उरू नये म्हणून व्हेपोरायझर (हा वायू सोडणारा भाग) काढून, सर्किट आणि सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) बदलून, दर मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजनने मशीन धुवायचं. जुन्या मशिनला वीसेक मिनिटं पुरतात, नव्या चकाचक वर्कस्टेशनला तासाच्या वर लागतो, कारण त्यांच्या आत रबर-प्लॅस्टिक जास्त आणि वायू त्यात मुरतो. पहिली केस सकाळी आठला असेल तर कुणीतरी पावणेसातला येऊन मशीन सुरू करायला हवं. कोण येणार, त्याचं नाव विचारा.

स्कोलिन न उतरण्याचाही एक वारसा आहे. रक्तातलं ते मोडणारं एंझाइम जन्मतः कमी असलं की दहा मिनिटांचं औषध तासन्‌तास टिकतं. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात हे बरंच आढळतं. घरात असा इतिहास असेल तर घाबरण्याचं कारण नाही, व्हेंटिलेटरवर झोपवून ठेवलं की उतरतं. फक्त आधी माहीत हवं. पर्याय रोक्युरोनियमचा, आणि ते ताबडतोब उलटवायला सुगामाडेक्स. ही बाटली महाग असल्यामुळे काही ठिकाणी ‘लागली तर मागवू’ असं ऐकायला मिळतं. श्वास अडलेला असताना मेडिकलवर माणूस धाडणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला कुदळ शोधणं.

‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’

या एका वाक्याला आम्ही फार कमी गुण देऊ. साधं पाणी, साखरपाणी, गाळलेला रस भुलीआधी दोन तासांपर्यंत चालतो. आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास, तेलकट-तुपकट आठ तास. हे सगळ्या मुलांना लागू. तरीही दुपारी एकच्या केसला रात्री बारापासून उपाशी ठेवायची सवय जात नाही, कारण यादी पुढे-मागे झाली तर नर्सला सोयीचं पडतं.

ग्लायकोजन साठण्याच्या आजाराचा पहिला प्रकार असलेलं मूल तीन-चार तासांत साखर पडून आकडी देतं. घरी त्याची रात्र कच्च्या कॉर्नस्टार्चवर निघते. ते बंद करायच्या क्षणापासून दहा टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू हवं, नेहमीच्या गरजेच्या सव्वा ते दीड पट वेगाने. बारा किलोच्या मुलाची नेहमीची गरज ताशी ४४ मिली, म्हणजे इथे ताशी ५५ ते ६६. दर तासाला बोटातून साखर. आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) नको, कारण या मुलांच्या रक्तात लॅक्टेट आधीच तुंबलेलं असतं. आणि ऑपरेशननंतर मूल जागं झालं म्हणून सलाईन एकदम काढलं तर साखर धाडकन पडते. पोटातलं खाणं टिकेपर्यंत हळूहळू कमी करायचं. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) आजारातही लांब उपास, थंडी आणि आरएल टाळतात, आणि प्रोपोफॉल एकदा झोपवण्यापुरतं चाललं तरी तासन्‌तास चालू ठेवत नाहीत. मात्र कीटोजेनिक (साखर-पिष्ट जवळपास वगळून तेलातुपावरच्या) आहारावर असलेल्या आकडीच्या मुलाला हेच साखरेचं सलाईन बाधतं. म्हणून ‘मेटाबॉलिक आहे, डेक्स्ट्रोज लावा’ असं सरसकट चालत नाही.

यावर नाशिकमध्ये सहज जमणारा उपाय म्हणजे मुलाला आदल्या संध्याकाळी भरती करून रात्रीच सुई लावणं आणि केस पहिली घेणं. आडगाव, सातपूर, ओझरहून सकाळी सहाला निघून आठला टेबलावर, हा हिशेब या मुलांसाठी बाद. पुढे २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास रस्ते बंद असतील, तेव्हा तर ठरवून केलेलं ऑपरेशन त्या तारखांपासून लांबच ठेवा.

पेठ-सुरगाण्याची मुलं

सिकल सेलला (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आजाराला) दुर्मीळ म्हणायला सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकमध्ये कुणी तयार होणार नाही, पण ओटीत या आजाराचा विसर पडतो तो दुर्मीळ आजारासारखाच. तिकडून आलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी ऑपरेशनआधी व्हावी. सोल्युबिलिटीची झटपट चाचणी वाहकाला आणि रुग्णाला सारखीच पॉझिटिव्ह दाखवते आणि सहा महिन्यांखालच्या बाळात फसते; हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतेच. एसएस (दोन्ही जनुकं सिकलची) असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी रक्त देऊन दहापर्यंत आणलं तर गुंतागुंत कमी होते, हे २०१३ मध्ये लॅन्सेटला आलेल्या टॅप्स चाचणीने दाखवलं. दहाच्या फार वर नेऊ नये, रक्त घट्ट होतं. रक्तपेढीला चार दिवस आधी सांगा. नुसता गट जुळून भागत नाही, आरएचचे पोटगट आणि केल नावाचा रक्तगटही जुळवायचे असतात.

बाकी सगळं थंडी, तहान आणि श्वास या तीन गोष्टींवर. निफाडला पारा पाच-सहावर येतो त्या दिवसांत नाशिकच्या ओटीतला एसी तसाच चालू असतो, सर्जनला गाऊनमध्ये घाम येतो म्हणून. मूल आत यायच्या आधी ओटी कोमट करणं, गरम हवेचं ब्लँकेट, कोमट सलाईन, एवढं मागायला संकोच नको. हातापायाला रक्त अडवणारा पट्टा शक्यतो नको. छातीचा त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणून तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र मुलाला ऑपरेशनच्या आधीच शिकवावं. नंतर दुखत असताना ते काही शिकत नाही.

चिकटपट्टी आणि बीपीचा पट्टा

एपिडर्मोलिसिस बुलोसाच्या मुलाला भुलीच्या औषधापेक्षा मायक्रोपोर जास्त इजा करतो. पट्टी ओढली की कातडी तिच्याबरोबर येते. दाब चालतो, घासणं नाही. मास्कखाली पॅराफिन गॉज, सुई पट्टीऐवजी मऊ बँडेजने बांधलेली, ऑक्सिजनचा चिमटा चिकटणारा नको क्लिपचा, डोळ्यांवर टेप नको मलम, उचलताना सरकवणं नाही. ठिसूळ हाडांच्या मुलात बीपीच्या पट्ट्यानेही दंडाचं हाड मोडू शकतं. खाली कापूस घालून, कमी वेळा फुगवायचा. स्कोलिनने होणारी थरथरही हाड मोडते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. लागते ती वॉर्डबॉयपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना आदल्या दिवशी दिलेली कल्पना, आणि तिथेच बहुतेक जागा नापास होतात, कारण सूचना भूलतज्ज्ञाच्या डोक्यात असते आणि मुलाला स्ट्रेचरवर घेणारा दुसराच.

स्कॅन सेंटर: सगळ्यात कमी गुण

ओटीबद्दल एवढा विचार करणारे लोक एमआरआयला मात्र निर्धास्त जातात. स्वतंत्र स्कॅन सेंटरमध्ये मुलाला पेडिक्लोरिलचं सिरप पाजून झोपवायची पद्धत जुनी आहे. झोपलं नाही की आणखी थोडं पाजायचं. घोरणाऱ्या, जाड जिभेच्या मुलाला हा प्रकार ओटीतल्या भुलीपेक्षा धोक्याचा, कारण मशिनच्या बोगद्यात त्याचा श्वास कुणाला दिसत नाही आणि सिरपला उलटं औषध नाही. दुसरा धोका परतताना: औषध तासन्‌तास टिकतं, गाडीच्या सीटवर मान पुढे पडते, हनुवटी छातीला लागते आणि श्वास अडतो. अशा मुलाचं स्कॅन फक्त हॉस्पिटलच्या आतल्या मशिनवर, भूलतज्ज्ञ हजर असताना, एमआरआयला चालणाऱ्या मॉनिटरसह. नसेल तर थांबा, एमआरआय पळून जात नाही.

दातांच्या दवाखान्यातल्या नायट्रसबद्दल (हसवणाऱ्या वायूबद्दल) एकच ओळ: होमोसिस्टिन्युरियाच्या (रक्तात होमोसिस्टीन साचण्याच्या जन्मजात आजाराच्या) मुलाला तो देऊ नये.

मग जायचं कुठे

लहान नर्सिंग होम: आजार श्वास, हृदय, स्नायू किंवा साखरेशी संबंधित नसेल आणि भूलतज्ज्ञाने मूल आधी पाहिलं असेल, तर हरकत नाही. माणसं ओळखीची, मूल कमी बुजतं, आई दारापर्यंत सोबत. पाचपैकी साडेतीन. श्वासमार्गाचा प्रश्न असेल तर शून्य. तिथे मुलांचा आयसीयू नसतो आणि अर्ध्या रात्री मुंबई नाक्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवणं ही योजना होऊ शकत नाही.

मोठी मल्टिस्पेशालिटी: साधनं बहुतेक मिळतात, इको आणि आयसीयू एकाच छताखाली. गुण कापायचे ते दोन ठिकाणी. पॅकेजच्या हिशेबात पीएसी दहा मिनिटांची होते, आणि मुलांचा आयसीयू आहे म्हणतात तेव्हा कधीकधी तो मोठ्यांच्या आयसीयूतल्या कोपऱ्यातल्या दोन खाटा निघतो. आधी जाऊन बघा, रात्री तिथे मुलांचा डॉक्टर कोण असतो ते विचारा.

सरकारी आणि मेडिकल कॉलेज: त्र्यंबक रोडचं सिव्हिल, शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं मेडिकल कॉलेज. इथे तारखेची वाट पाहावी लागते, पण भूलतज्ज्ञ पूर्ण वेळाचे असतात, आणि कॉलेजात तर ज्युनियर, सिनियर, प्राध्यापक असे तीन-चार हात ओटीत असतात. अवघड श्वासमार्गाला दुसरा हात महागड्या स्कोपपेक्षा कामाचा. अंगणवाडी-शाळेतल्या तपासणीतून आलेलं मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा कागद जपून ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का तेही तिथेच विचारा.

आणि काही मुलांनी मुंबईच गाठावी: लहान बाळातला पॉम्पे (स्नायूंत ग्लायकोजन साठण्याचा आजार), ज्यात हृदयाची भिंत इतकी जाड होते की झोपवणारं औषध देताच रक्तदाब पडून ठोके बिघडतात, मॉर्किओत मानेची शस्त्रक्रिया, आधी एकदा नळी न गेलेलं कुठलंही मूल. परळचं वाडिया फक्त मुलांचं, आणि शेजारचं केईएम राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातल्या केंद्रांपैकी एक. त्या धोरणात आजाराच्या उपचाराला पन्नास लाखांपर्यंत मदत मिळते, तेव्हा भुलीच्या निमित्ताने तिथे नोंद झाली तर चांगलंच. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा खोळंबा टळतो, पण उपाशी मूल घेऊन त्याच दिवशी निघायचं नाही, हे तिथेही लागू.

शेवटची तक्रार डिस्चार्ज कार्डाची. ऑपरेशनचं वर्णन अर्धं पान, टाक्यांचा धागासुद्धा लिहिलेला, आणि भुलीबद्दल फक्त ‘अंडर जीए’, म्हणजे पूर्ण भूल देऊन. भुलीचा तक्ता हॉस्पिटलच्या फाइलमध्ये राहतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात सगळं शून्यापासून. निघायच्या आधी त्याची झेरॉक्स मागा आणि त्यावर एवढं आहे का बघा: तोंडावरच्या मास्कने हवा सहज गेली का, स्वरयंत्र किती दिसलं, कितव्या प्रयत्नात, कोणत्या पात्याने, कोणत्या मापाची नळी गेली, लॅरिंजियल मास्क कितव्या नंबरचा बसला, कोणती औषधं दिली, कोणती मुद्दाम टाळली, जागं व्हायला किती वेळ लागला. पाच मिनिटांचं लिखाण आहे. भूलतज्ज्ञ पुढच्या हॉस्पिटलला निघाला असेल तर त्याच्याकडून मोबाइलवर फोटो मागवा, पण त्याशिवाय बिल भरून बाहेर पडू नका.